सुकाणूवरून सभागृहात

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण दोन ओळींत हो किंवा नाही कळवून मोकळं व्हावं असा तुझा प्रश्न नव्हता. लोक विधानसभेला उभं राहा म्हणून मागे लागले आहेत, आणि तू लिहितोस, "चोवीस वर्षं फौजेत काढली. मला हुकूम घेता येतो, देता येतो. वाद घालता येत नाही. ज्या हाताने बंदूक धरली त्या हाताने कागद हलवायचे, यात मर्दुमकी ती काय?" हे वाक्य मला लागलं. माझी सगळी नोकरी विधानमंडळात प्रतिवेदक म्हणून गेली. सभागृहाच्या मधोमध टेबलाशी बसून माणसांचं बोलणं उतरवून घेण्यात. तू ज्यांना नुसते कागद म्हणतोस, त्यातल्या एकेका शब्दासाठी माणसं कशी झुंजतात ते मी हाताच्या अंतरावरून पाहिलं आहे.

पण माझं सांगणं बाजूला ठेवतो. तुला एका माणसाची हकिकत सांगायची आहे. रॉबर्ट स्मॉल्स. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याचा आमदार. त्याआधी आरमाराच्या कामावरचा जहाजी, आणि त्याच्याही आधी गुलाम.

5 एप्रिल 1839 ला ब्यूफर्ट नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात तो जन्मला, मालकाच्या घरामागच्या खोपटात. आई लिडिया मालकाच्या घरात कामाला. मालकाची पोराशी वागणूक बरी होती, आणि त्याचीच आईला धास्ती वाटायची. आपण कोण आहोत हे पोरगं विसरलं तर एक दिवस अंगाशी येईल, म्हणून तिने त्याला मुद्दाम नेऊन गुलामांना फटके मारतात ते दाखवलं. बाराव्या वर्षी त्याला चार्ल्स्टन शहरात मजुरीला लावलं. हॉटेलात वाढपी, रस्त्यावरचे दिवे लावणारा, मग गोदीत हमाल, शिडं शिवणारा, असं करत करत तो सुकाणूवर पोचला. कमाई महिना 16 डॉलर. त्यातला 1 डॉलर त्याचा, बाकी 15 मालकाचे.

सतराव्या वर्षी त्याने हॅना नावाच्या मुलीशी लग्न केलं. तीही गुलाम, हॉटेलात कामाला. बायको आणि मुलगी विकत घेऊन सोडवावी म्हणून त्याने तिच्या मालकाला किंमत विचारली. 800 डॉलर. त्याच्यापाशी जमले होते 100. आपल्या पोरीची किंमत बापाने विचारायची आणि मग पैसे मोजत बसायचं, हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. गुलामगिरी टिकवायला देशातून फुटलेली दक्षिणेची राज्यं एका बाजूला, उत्तरेचं केंद्र सरकार दुसऱ्या. स्मॉल्स तेव्हा प्लँटर नावाच्या वाफेच्या बोटीवर सुकाणूला होता. मूळची कापूस वाहणारी बोट, आता दक्षिणेच्या बंडखोर सैन्याची तोफा-दारूगोळा वाहणारी. खाडीतला खडक न् खडक, वाळूचा दांडा न् दांडा त्याला तोंडपाठ होता, पण गुलामाला 'पायलट', म्हणजे जहाजाचा वाटाड्या, म्हणायचं नाही असा शिरस्ता, म्हणून तो नुसता 'सुकाणूवाला'.

12 मे 1862 च्या रात्री बोटीचे तिन्ही गोरे अधिकारी नियम मोडून घरी झोपायला गेले. बोटीवर त्याच दिवशी चढवलेल्या चार तोफा होत्या. पहाटे तीनच्या सुमारास स्मॉल्सने बॉयलर पेटवायला लावला. दुसऱ्या एका धक्क्याला लागून बायकामुलांना वर घेतलं. सगळे मिळून सोळा जण. ठरलं होतं ते असं: पकडले जायची वेळ आलीच तर बोट बुडवायची, आणि ती लवकर बुडाली नाही तर हातात हात घालून सगळ्यांनी पाण्यात उड्या टाकायच्या.

आता हे बघ, हे मला फार जवळून दिसतं. स्मॉल्सने कप्तानाची रुंद काठाची गवती टोपी डोक्यावर घातली आणि कप्तान जसा सुकाणूच्या खोलीच्या खिडकीत हाताची घडी घालून रेलायचा, तस्साच रेलून उभा राहिला. वाटेत पाच ठाणी. प्रत्येक ठाण्यापुढे भोंग्याचा ठराविक इशारा द्यायचा, तो त्याने इतकी वर्षं ऐकून ऐकून पाठ केलेला. शेवटचं आणि सगळ्यांत मोठं ठाणं फोर्ट सम्टर. साडेचारच्या सुमारास, पूर्वेला फटफटायला लागलं असताना, बोट त्या किल्ल्याच्या भिंतीखालून गेली. घाईने नाही, रोजच्या चालीने. तोंड नीट दिसलं असतं तर संपलं होतं. टोपी दिसली, ढब दिसली, भोंगा बरोबर वाजला. पहारेकऱ्याने जाऊ दिलं. तोफांच्या माऱ्याबाहेर गेल्यावर त्याने बंडखोरांचं निशाण उतरवून हॅनाने आणलेली पांढरी चादर चढवली आणि बोट थेट उत्तरेच्या नाकेबंदीतल्या ऑनवर्ड जहाजाकडे घातली. ते जहाज तोफ डागायच्या बेतात होतं. चादर वेळेवर दिसली.

बोटीबरोबर त्याने शत्रूच्या इशाऱ्यांचं पुस्तक दिलं, आणि पाणसुरुंग कुठे पेरलेत, कुठलं ठाणं रिकामं झालंय हेही सांगितलं. त्याला बक्षिसाचा वाटा मिळाला 1,500 डॉलर. वय अवघं तेवीस.

सगळे इथे थांबतात. मीही बरीच वर्षं इथेच थांबलो होतो. रात्र इतकी थरारक आहे की पुढचं आयुष्य तिच्यापुढे फिकं वाटतं. तुला मात्र मी पुढचंच सांगायला बसलो आहे.

युद्धातलं थोडक्यात. त्या ऑगस्टमध्ये तो वॉशिंग्टनला गेला, युद्धमंत्री स्टँटन यांना भेटला, आणि काळ्या माणसांना सैन्यात घ्या म्हणून गळ घातली. परतताना 5,000 पर्यंत माणसं भरती करायची परवानगी हातात होती. एप्रिल 1863 मध्ये चार्ल्स्टनवरच्या हल्ल्यात तो किओकक या चिलखती जहाजावर वाट दाखवायला होता. नव्वदहून जास्त गोळे बसले, दुसऱ्या दिवशी जहाज बुडालं, तो वाचला. पुढे प्लँटरवरच असताना दोन्हीकडून मारा सुरू झाला आणि गोरा कप्तान कोळशाच्या कोठीत जाऊन लपला. स्मॉल्सने बोट हातात घेऊन बाहेर काढली. त्यानंतर त्यालाच कप्तान केलं, 150 डॉलर महिना. एवढं होऊन आरमाराची रीतसर सनद त्याच्याजवळ कधी नव्हतीच, म्हणून पेन्शनसाठी त्याला म्हातारपणापर्यंत झगडावं लागलं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, खास कायदा करून 1897 साली महिना 30 डॉलर मंजूर केले. पेन्शनची फाईल म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको.

1864 साली बोट दुरुस्तीला फिलाडेल्फियात होती. तिथे त्याने शिकवणी लावून वाचायला-लिहायला सुरुवात केली. पंचविशीत अक्षर ओळख. त्याच शहरात त्याला ट्रामगाडीतून खाली उतरवलं, गोऱ्या उतारूला जागा हवी म्हणून. युद्धातला नामांकित कप्तान, भर शहरात पायी निघाला. त्यावर गदारोळ झाला, आणि 1867 साली पेन्सिल्वेनियाने ट्रामगाड्यांतला असा भेद कायद्याने बंद केला. एखादा अपमान शेवटी कायद्याच्या कलमात कसा उतरतो ते त्याने तिथे पाहिलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

आता गाभ्याकडे येतो. 1834 साली साउथ कॅरोलायनाने कायदा केला होता: गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं गुन्हा. स्मॉल्स या कायद्याखाली जन्मला. आणि 1868 च्या जानेवारीत, राज्याची नवी घटना लिहायला चार्ल्स्टनमध्ये जी समिती बसली, तिच्यात हा माणूस निवडून आलेला प्रतिनिधी म्हणून बसला. समितीत बहुसंख्य काळे, पुष्कळ जण काल-परवापर्यंत गुलाम. त्याने ठराव मांडला की राज्यात सगळ्या मुलांसाठी मोफत शाळा असाव्यात आणि मुलांना शाळेत धाडणं सक्तीचं असावं. लक्षात घे, स्वतः अक्षर गिरवून त्याला चार वर्षंही धड झाली नव्हती. नव्या घटनेत मोफत सार्वजनिक शाळा आल्या, कर्जापायी तुरुंग बंद झाला, पदावर यायला मालमत्ता लागायची ती अट गेली.

त्या रात्री त्याने सोळा माणसं बाहेर काढली. या एका कलमाने किती मुलं बाहेर पडली याची मोजदाद कोण करणार? आणि ते कलम काही आभाळातून पडलं नाही. कुणीतरी उठून उभं राहिलं, "अध्यक्ष महाराज" म्हणालं, कुणीतरी हरकत घेतली, शब्द बदलले, मतं मोजली. मी जन्मभर हेच उतरवून घेतलं, म्हणून सांगतो. हे काम धीम्या गतीचं आहे, कंटाळवाणं आहे, आणि त्यात जो जागा राहतो त्याचं मी पाहिलेलं धैर्य कुठल्याही पराक्रमापेक्षा कमी नाही.

त्याच वर्षी तो राज्याच्या प्रतिनिधीगृहात निवडून गेला, 1870 ला राज्याच्याच सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात. राज्यात काळ्यांची वस्ती निम्म्याहून जास्त, आणि त्या प्रतिनिधीगृहात काळे सदस्य गोऱ्यांपेक्षा जास्त. अमेरिकेत असं पूर्वी कधी झालं नव्हतं. आमदारकीबरोबर तो राज्याच्या मिलिशियातही, म्हणजे नागरिकांच्या राखीव फौजेतही, चढत गेला, लेफ्टनंट कर्नलपासून मेजर जनरलपर्यंत. म्हणजे एकाच माणसाकडे फौज आणि सभागृह दोन्ही. तुला आठवतं, कॉलेजात आपण जोतीरावांच्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका वाचली होती? अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांना सोडवलं त्यांना ते पुस्तक अर्पण आहे. साल 1873. जोतीराव ते लिहीत होते तेव्हा हा सोडवलेला, नव्हे, स्वतःला सोडवून घेतलेला माणूस सिनेटच्या बाकावर बसलेला होता. जोतीरावांना हे कळतं तर केवढा आनंद झाला असता.

तू लिहितोस, मला हुकूम देता येतो. मग 1876 चा ऑगस्ट ऐक. तोवर स्मॉल्स देशाच्या काँग्रेसमध्ये पोचला होता. त्याच्या भागातल्या काँबाही नदीकाठी भातशेतीचे मजूर संपावर गेले. मजुरी रोख मिळत नव्हती, चिठ्ठ्या मिळत होत्या, आणि त्या फक्त मालकाच्याच दुकानात चालायच्या. मजुरांच्या हातात सोटे, समोर बंदुका घेतलेली गोऱ्यांची टोळी. स्मॉल्स मिलिशियाचा मेजर जनरल. मनात आणता तर फौज घेऊन जाता. तो हत्याराशिवाय गेला. मजुरांशी बोलला, त्यांना सोटे खाली ठेवायला लावले, बंदूकवाल्यांना मागे हटवलं, पुढाऱ्यांना सांगितलं की चालत जाऊन कोर्टात हजर व्हा. ते गेले आणि सुटलेही. रक्त सांडलं नाही. हा वादच होता ना? आणि तो फौजी माणसानेच घातला.

याच्या महिनाभर आधी त्याच राज्यात हँबर्ग गावी काळ्या मिलिशियाच्या माणसांना पकडून मारलं होतं. ती हकिकत त्याने काँग्रेसच्या सभागृहात वाचून दाखवली आणि राज्यातून केंद्राची फौज काढून नेऊ नका म्हणून दुरुस्ती मांडली. फौज पुढच्या वर्षी गेलीच. लाल सदरे घातलेले गोऱ्यांचे घोडेस्वार प्रचारसभा उधळू लागले. 1878 मध्ये गिलिसनविल इथे त्यांनी त्याला घेरलं, तो मूठभर साथीदारांसह एका दुकानात शिरून अडून बसला. बातमी पसरली तशी आजूबाजूच्या वस्त्यांतून माणसं धावून आली, आणि स्वार मागे फिरले.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही. 1877 साली त्याच्यावर खटला झाला. सिनेटमध्ये असताना छपाईच्या ठेक्यात 5,000 डॉलर लाच घेतल्याचा आरोप. मुख्य साक्षीदार छपाईचा धंदा चालवणाराच. शिक्षा तीन वर्षांची झाली, त्याने अपील केलं, आणि 1879 मध्ये राज्यपालाने माफी दिली. विरोधी पक्षाच्या हाती राज्य गेल्या गेल्या हे सगळं झालं, हेही खरं. मी तो काळ जितका वाचला त्यावरून मला तो खटला राजकारणाचा वाटतो. पण डाग लागला आणि मेल्यावरही त्याच्या नावामागे राहिला. तू जाशील तर हिशेबाचा कपटा न् कपटा जपून ठेव, एवढंच यावरून तुला सांगतो.

तरी तो परत परत निवडून आला, खंड पडत पडत 1887 पर्यंत काँग्रेसमध्ये राहिला. पोर्ट रॉयलला आरमाराचं ठाणं व्हावं म्हणून खटपट केली. तिथल्याच पॅरिस बेटावर आज अमेरिकेच्या मरीन शिपायांना घडवतात. तुझ्यासारख्याला हे ऐकून बरं वाटेल.

आणि घर. ज्या घरामागच्या खोपटात तो जन्मला ते मालकाचं घर युद्धात करापोटी लिलावात निघालं, आणि त्याने विकत घेतलं. आधीच्या मालकीवाल्यांनी दावा लावला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1878 मध्ये निकाल स्मॉल्सच्या बाजूने लागला. त्याच्या घरच्यांत एक गोष्ट सांगत आले आहेत की जुन्या मालकाची म्हातारी बायको, भ्रमिष्ट झालेली, एक दिवस आपलंच घर समजून दारात आली. त्याने तिला आत घेतलं, तिची खोली तिला दिली.

आता शेवटची लढाई. 1895. बेन टिलमन नावाच्या पुढाऱ्याने काळ्यांचा मताधिकार काढून घेण्यासाठीच राज्याची घटना नव्याने लिहायला घेतली. समितीत दीडशेहून जास्त प्रतिनिधी, त्यात काळे फक्त सहा. त्यात छप्पन्न वर्षांचा स्मॉल्स. 1868 ला ज्या कामात तो बहुमतात होता, त्याच कामात आता सहातला एक. मतदाराने घटनेचं कलम वाचून दाखवावं, नाहीतर 300 डॉलरची मालमत्ता दाखवावी, अशी अट येणार होती. परीक्षा घेणारा अधिकारी त्यांचाच. हरणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक. तू ठाण्यावर राहिलेला आहेस, कुमक येणार नाही हे कळल्यावरही जागा न सोडणं म्हणजे काय ते मला तुझ्याकडूनच ऐकायला मिळालं आहे.

तो उभा राहिला. मिश्र लग्नांना बंदी घालायचं कलम आलं तेव्हा त्याने दुरुस्ती मांडली: ज्या गोऱ्या माणसाने काळ्या बाईशी संबंध ठेवला त्याला कुठलंही सरकारी पद मिळू नये, आणि तिच्या मुलाला बापाचं नाव मिळावं. सभागृहात सन्नाटा पडला असेल. मला तो शांत झालेला हॉल डोळ्यांपुढे येतो, कारण असा एखाद-दुसरा क्षण मी स्वतः अनुभवला आहे. लेखणी चालवायला शब्दच नसतात. आणि मताधिकारावरच्या भाषणात तो म्हणाला, माझ्या समाजाची खास वकिली करायची गरज नाही, या देशातला त्यांचा आजवरचा इतिहासच सांगतो की ते कुठल्याही लोकांच्या तोडीचे आहेत. त्यांना हवी आहे ती फक्त जगण्याच्या लढाईत बरोबरीची संधी.

घटना मंजूर झाली. सही करायची वेळ आली. सही न करणाऱ्याला प्रवासखर्च मिळणार नाही असं सुचवलं गेलं. स्मॉल्सने सांगितलं, सही करण्यापेक्षा मी ब्यूफर्टला चालत जाईन. त्याने सही केली नाही.

मत गेलं. शाळा मात्र राहिल्या. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या केल्या, पण मोफत सार्वजनिक शाळेचं तत्त्व त्यांनाही काढता आलं नाही. 1868 ला एका नवसाक्षर जहाज्याने मांडलेली गोष्ट 1895 च्या त्या माणसांच्या हातूनही पुसली गेली नाही. 23 फेब्रुवारी 1915 ला तो त्याच ब्यूफर्टमध्ये, त्याच घरात वारला. 2023 मध्ये अमेरिकेच्या आरमाराने एका युद्धनौकेचं जुनं नाव काढून तिला त्याचं नाव दिलं. जुनं नाव होतं चॅन्सलर्सविल, बंडखोरांनी जिंकलेल्या लढाईचं.

तुला उभा राहा म्हणत नाही, राहू नको म्हणत नाही. ते वहिनींशी बोलून ठरव. फक्त ते पत्रातलं वाक्य माझ्यासाठी मागे घे. बंदुकीचा हात आणि कागदाचा हात वेगळे नसतात रे. या माणसाचे तरी नव्हते.

पुढच्या महिन्यात येणार म्हणालास, तर चार दिवस सवड काढून ये. मी अर्थसंकल्पाच्या दोन अधिवेशनांचे छापील वृत्तांत काढून ठेवले आहेत. मागण्यांवरच्या चर्चा, कपात सूचना, सगळं आपण दोघं बसून ओळीने वाचू. तू प्रश्न विचार, मी सांगतो. गाडी कोणती ते कळव, स्टेशनवर न्यायला येईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझाच